आधी माणसं मोजा, मग एचपी

वाचकाचं पत्र

आम्ही मिनिॲपोलिसच्या पश्चिमेला राहतो. तीन वर्षांपूर्वी वापरलेली पाँटून बोट (धातूच्या बंद नळ्यांवर सपाट डेक असलेली) घेतली. २२ फुटी, दोन नळ्यांची, २००९ची आहे. मिनेटोंका सरोवरावर असते. तिचं ५० एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन गेल्या ऑगस्टमध्ये तापून बंद पडलं. आता त्यात पैसे घालू नका, असं मेकॅनिकचं म्हणणं. उन्हाळ्यात सांगलीहून सासू-सासरे येतात, शनिवार-रविवारी मित्रमंडळी धरून बोटीवर आठ-दहा जण असतातच. मुलांना रबरी ट्यूबवर बसून बोटीमागे फिरायचं असतं, सासऱ्यांना शांतपणे फेरफटका हवा असतो. समोर पर्याय असे: नवं ६० एचपी, नवं ११५ एचपी, मित्राकडचं २००३चं ९० एचपी टू-स्ट्रोक (अगदी स्वस्तात), इलेक्ट्रिक मोटर, किंवा एकाच्या सल्ल्याप्रमाणे ही बोट विकून आत इंजिन असलेली दुसरी घेणं. बोटीवरच्या पट्टीवर लिहिलंय: कमाल ११५ एचपी, ११ माणसं किंवा १५५० पौंड, माणसं, इंजिन आणि सामान मिळून २१०० पौंड. काय घ्यावं?

उत्तर

पट्टीवरचे आकडे तुम्ही सोबत पाठवलेत हे फार बरं झालं. बहुतेक जण फक्त बोटीची लांबी कळवतात, आणि लांबीवरून पाँटूनचं इंजिन ठरवता येत नाही. तुमच्यासाठी आमचं उत्तर ११५ एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन) हेच आहे, मात्र मोठ्या गिअरकेसचं, म्हणजे खालच्या टोकाला पंखा फिरवणाऱ्या गिअरांच्या मोठ्या पेटीचं. कारणं सविस्तर देतो, कारण पंखा (पाण्यातला प्रोपेलर) कोणता, तो किती पिचचा (म्हणजे काय ते पुढे येईल) आणि इंजिन किती उंचीवर बसवायचं हे सगळं त्या कारणांवरूनच ठरतं.

पाँटूनचा जन्म तुमच्याच राज्यातला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटातल्या रिचमंड गावी अँब्रोस वीरेस यांनी धातूच्या नळकांड्यांवर लाकडी डेक बसवला. माणसांनी उभं राहावं, इकडून तिकडे फिरावं आणि तरी बोट कलंडू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. घडण आजही तीच आहे, फक्त धातू ॲल्युमिनियम झाला. म्हणूनच पाँटूनचा स्वभाव स्पीडबोटीपेक्षा वेगळा. स्पीडबोटीचा तळ वेग आला की पाण्यावर उचलला जातो आणि पाण्याचा अडथळा कमी होतो. पाँटूनच्या गोल नळ्यांना तशी उचल जवळजवळ मिळत नाही. त्या पाणी कापतच जातात, वेग वाढला की नळ्यांमधून उसळणारं पाणी डेकखालच्या आडव्या पट्ट्यांवर आदळतं, आणि वरचं कापडी छत वारा अडवतं. अशा बोटीला लागतो तो रेटा: कमी वेगातही भरपूर पाणी मागे ढकलण्याची ताकद.

आता वजनाचा हिशेब करू. दोन नळ्यांची २२ फुटी बोट इंजिनाशिवाय साधारण १००० किलो भरते. सरासरी ७० किलोंनी दहा माणसं म्हणजे ७०० किलो. २५ गॅलन पेट्रोल म्हणजे साधारण ७० किलो. बर्फाची पेटी, नांगर, दोर, जॅकेटं धरून ५० किलो. त्यात इंजिन. ६० एचपीचं इंजिन सुमारे ११५ किलोंचं, ११५ एचपीचं सुमारे १६५ किलोंचं. म्हणजे भरलेली बोट दोन्ही वेळा दोन टनांच्या आतबाहेर. ६० एचपीच्या वाट्याला दर एचपीमागे ३२ किलो येतात, ११५च्या वाट्याला १७. दर एचपीमागे १८ किलोंच्या वर वजन गेलं की बोट वेग घ्यायला कुरकुरते, हा या धंद्यातला जुना अंदाज आहे आणि पाँटूनवर तो चांगला लागू पडतो.

तुमच्या पट्टीशी हेच ताडून पाहा. दहा माणसांचे १५४० पौंड आणि इंजिनाचे ३६५ पौंड म्हणजे १९०५. २१००मधून वजा जाता सामानाला उरतात १९५ पौंड. पुरतात, पण दोन मोठ्या बर्फाच्या पेट्या, शेगडी आणि जास्तीची बॅटरी घेतलीत तर तेवढ्यात संपतात. माणसांच्या वजनातही हाताशी दहाच पौंड आहेत. त्यामुळे पट्टीवर ११ लिहिलं असलं तरी तुमच्या घरात मोठी माणसंच जास्त असतील, तर दहावर थांबा. आणि ११५च्या वर काहीही बसवू नका. पट्टीपेक्षा मोठं इंजिन लावलं की अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो, आणि मागचा इंजिन-पॉड, म्हणजे इंजिन टांगायची पेटी, त्या ताणासाठी केलेलाच नसतो.

६० एचपी स्वस्त आहे, इंधन कमी खाईल, आणि आपल्याला कुठे शर्यत लावायचीय, असं वाटणं साहजिक आहे. दोघं-तिघं बसून मासे पकडायला जाणार असाल तर ६० उत्तम. दहा माणसांत मात्र ते पूर्ण थ्रॉटलवरच, म्हणजे पूर्ण जोर लावूनच चालेल. मर्क्युरीचं ६० एचपी फोर-स्ट्रोक ९९५ सीसीचं आहे, त्याच कंपनीचं ११५ एचपी २.१ लिटरचं. लहान इंजिनाला भरलेली पाँटून ताशी १४-१५ मैलांनी न्यायची तर मिनिटाला ५५०० फेऱ्यांवर तासभर ओरडत राहावं लागतं. मोठं इंजिन तेच काम ३५०० ते ४००० फेऱ्यांवर करतं. तुमच्या सासऱ्यांना हवी ती शांतता ११५मध्येच मिळेल. हे उलटं वाटतं खरं, पण एकदा दोन्ही बोटींवर मागच्या बाकावर बसून बोलायचा प्रयत्न करा, लगेच कळेल.

इंधनाचंही तसंच. पेट्रोलवर चालणारं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड पूर्ण थ्रॉटलला तासाला एचपीच्या साधारण एक दशांश गॅलन पितं. ६०चं इंजिन सहा गॅलनच्या जवळ, ११५चं अकरा-साडेअकरा. पण ११५ला पूर्ण थ्रॉटल द्यायची वेळ क्वचितच येते. ४००० फेऱ्यांवर ते साधारण पाच गॅलन घेतं आणि भरलेली बोट १६-१७ मैलांनी नेतं. ६०ला तेवढंच इंधन जाळून त्याहून कमी वेग मिळतो. नुसतं रमतगमत फिरताना दोघांत फरक नगण्य आहे.

मधलं ९० एचपी का नको, हा प्रश्न पुढे येईलच, म्हणून आत्ताच सांगतो. मर्क्युरीची ७५, ९० आणि ११५ ही तिन्ही एकाच २.१ लिटरच्या ब्लॉकवर बनतात. वजन जवळजवळ तेच, जागा तीच, देखभाल तीच. बोट विकायची वेळ आली की पट्टीइतकं इंजिन असलेली पाँटून लवकर जाते. किमतीतला फरक तुमच्या बजेटला फारच जड होत असेल तरच ९० घ्या. मुलांची ट्यूब तेही ओढेल, फक्त दहा माणसं बोटीवर असताना नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो माहितीपत्रकात कोपऱ्यात छापलेला असतो: गिअरकेस. एकाच ११५ एचपीचे दोन अवतार मिळतात. मर्क्युरीच्या साध्या ११५चं गिअर गुणोत्तर २.०७ आहे, ‘कमांड थ्रस्ट’ नावाच्या अवताराचं २.३८. यामाहा अशा इंजिनांना ‘हाय थ्रस्ट’ म्हणते आणि त्यांच्या नावाआधी टी लावते. गुणोत्तर २.३८ म्हणजे इंजिन २.३८ वेळा फिरलं की पंखा एकदा फिरतो. पंखा सावकाश फिरतो, पण त्याला मिळणारी पिळाची ताकद वाढते, आणि गिअरकेस मोठी असल्याने जास्त व्यासाचा, जास्त पिचचा पंखा बसतो. पाँटूनसारख्या जड बोटीला हेच हवं.

पिच म्हणजे पंखा घसरला नाही तर एका फेरीत जितके इंच पुढे जाईल ते अंतर. ताशी मैलांत कल्पित वेग काढायचा तर इंजिनाच्या फेऱ्यांना पिचने गुणा आणि गुणोत्तर गुणिले १०५६ने भागा. कमांड थ्रस्टवर १५ पिच आणि ५५०० फेऱ्या धरल्या तर उत्तर येतं सुमारे ३३ मैल. साध्या गिअरकेसवर १३ पिचनेही उत्तर तेवढंच. कागदावर दोघं सारखे, पाण्यात नाहीत. पंखा पाण्यात घसरतो, आणि पाँटूनवर ही घसरण १५ ते २५ टक्के असणं नेहमीचं. मोठा, सावकाश फिरणारा पंखा कमी घसरतो, धक्क्यापासून निघताना आणि वळणावर पाणी सोडत नाही. २० टक्के घसरण धरली तर ३३चे २६ मैल उरतात. हलक्या भारात तुमच्या बोटीला साधारण एवढाच वेग मिळावा, भरलेल्या बोटीला २०-२२. मिनेटोंकावर दिवसा वेगाची मर्यादा ४० मैल आहे, तेव्हा त्याहून मोठ्या इंजिनाचा मोह धरण्यात तसाही अर्थ नाही.

पंखा तीन पात्यांचा की चार? माणसं भरून फिरायचं आणि ट्यूब ओढायची, तर चार पात्यांचा. सरळ रेषेतला वेग मैलभराने कमी होईल, पण वळताना इंजिन अचानक किंचाळून फेऱ्या वाढवण्याचा प्रकार बराच कमी होतो. तसं होतं कारण दोन नळ्यांच्या मधलं पाणी आधीच हवेने फेसाळलेलं असतं आणि वळणावर पंख्याला ती हवा लागते. पाती ॲल्युमिनियमची घ्या. स्टेनलेस स्टीलचा पंखा टिकाऊ आणि थोडा वेगवान खरा, पण उथळ जागी दगडाला लागला तर पात्याऐवजी गिअर आणि शाफ्ट मार खातात. ॲल्युमिनियमचं पातं वाकतं आणि मामला तिथेच मिटतो. एक जादा पंखा, त्याचा नट, वॉशर आणि पाना बोटीवर कायम असू द्या.

पिच बरोबर आहे की नाही हे कागदावर ठरत नाही. नेहमीचा भार, म्हणजे सहा-सात माणसं आणि अर्धी टाकी, घेऊन सरळ रेषेत पूर्ण थ्रॉटल द्या आणि फेऱ्या पाहा. मर्क्युरी ११५च्या पूर्ण थ्रॉटलच्या फेऱ्यांची मर्यादा ५००० ते ६००० आहे, तेव्हा आकडा ५५०० ते ५९००मध्ये हवा. ५००० किंवा त्याहून खाली राहिला तर पिच जास्त आहे. इंजिन चढावर चौथ्या गिअरात गाडी रेटावी तसं कण्हत राहतं, सिलिंडरमध्ये कार्बन साठतो आणि आयुष्य घटतं. ६०००ला जाऊन इंजिन स्वतःच फेऱ्या कापू लागलं तर पिच कमी. एक इंच पिच बदलला की साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. नवीन इंजिन देणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की चाचणीनंतर पंखा बदलून मिळाला पाहिजे, आणि ते पावतीवर लिहून घ्या. वेगळ्या पिचचा पंखा नंतर विकत घेताना खिशाला बरीच चाट बसते.

मित्राकडच्या टू-स्ट्रोकबद्दल आता. जवळजवळ फुकट मिळणाऱ्या वस्तूला नाही म्हणणं जड जातं, पण नाही म्हणा. २००३चं ते ९० कार्ब्युरेटरचं असेल तर फोर-स्ट्रोकच्या मानाने इंधन साधारण एक तृतीयांश जास्त खाईल, सावकाश फिरताना धूर करेल आणि न जळलेलं पेट्रोल आणि तेल पाण्यात सोडेल. पाँटूनवर माणसं मागच्या बाकावर, इंजिनाला लागूनच बसतात, त्यामुळे तो धूर थेट सासूबाईंच्या तोंडावर जाईल. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या टाहो सरोवरावर कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकना १९९९पासून बंदी आहे, ती याच प्रदूषणापायी. थेट इंजेक्शनचे टू-स्ट्रोक वेगळे. ते खूपच स्वच्छ आणि ताकदवान होते, पण ते बनवणाऱ्या एव्हिनरूडने २०२०मध्ये उत्पादनच बंद केलं, तेव्हा आता नव्याने त्या वाटेला जाऊ नये. तरीही ते इंजिन घ्यायचंच ठरवलंत तर निदान एवढं करा. इंजिन गरम असताना सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवेत. गिअरकेसच्या खालचा स्क्रू सैल करून तेल पाहा. दुधाळ निघालं तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. यातलं एकही चुकलं तर फुकटही नको.

आत इंजिन असलेली बोट, म्हणजे मोटारीसारखं इंजिन डेकखाली आणि फक्त पंखा धरणारा खालचा भाग, म्हणजे पाय, बाहेर, ही रचना मिनेसोटात आम्ही कोणालाच सुचवत नाही. व्ही-६ इंजिन पायासकट साडेतीनशे किलोंच्या पुढे जातं. मागची बैठक त्याच्या पेटीत जाते. पाणी आत येऊ नये म्हणून पायाभोवती असलेला रबरी भाता ठरावीक काळाने बदलावा लागतो, विसरलात तर पाणी आत. आणि तुमच्याकडचा हिवाळा. ब्लॉकमध्ये राहिलेलं थोडंसं पाणी गोठून फुगतं आणि ओतीव लोखंडाला तडा जातो. आउटबोर्ड उभं ठेवलं की त्यातलं थंडाव्याचं पाणी आपोआप खाली निथळतं. या एका कारणासाठी तरी आउटबोर्डच हवं.

इलेक्ट्रिकबद्दल उत्साह आम्हालाही आहे, म्हणून हिशेब नीट मांडतो. २५ गॅलन म्हणजे सुमारे ९५ लिटर पेट्रोल. त्यात साधारण ८४० किलोवॉट-तास ऊर्जा असते. इंजिन त्यातली चौथाई पंख्यापर्यंत पोचवतं असं धरलं तर २१० उरतात. टॉर्कीडो कंपनीची ४८ व्होल्टची बॅटरी ५ किलोवॉट-तासांची आणि ३७ किलोंची आहे. म्हणजे एका पेट्रोल टाकीची बरोबरी करायला अशा चाळीसच्या वर बॅटऱ्या, त्यांचं वजन बोटीहून जास्त. अर्थात दिवसाला पूर्ण टाकी कोणी संपवत नाही. सहा किलोवॉटची मोटर आणि अशा दोन बॅटऱ्या असतील, तर ताशी चार मैलांनी दोन किलोवॉट वापरत चार-पाच तास आरामात फिरता येईल. संध्याकाळच्या फेरफटक्याला याहून सुखाचं दुसरं काही नाही: आवाज नाही, वास नाही, थंडीसाठी डोकेदुखी नाही. पण पूर्ण ताकदीने त्याच दोन बॅटऱ्या पावणेदोन तासांच्या आत संपतील आणि वेग सहा मैलांच्या आसपासच असेल. ट्यूब ओढणं शक्यच नाही. शिवाय मिनेटोंका हे मोकळं आणि मोठं पाणी आहे. ढग भरून आले आणि समोरून २० मैलांचा वारा सुटला की छत उभारलेली पाँटून शिडासारखी वागते, आणि बॅटरीतली बरीचशी ताकद जागेवर टिकून राहण्यातच जाते. म्हणून तुमच्यासाठी एकुलती एक मोटर म्हणून इलेक्ट्रिक नको.

ज्यांच्या तळ्यावर मर्यादा आहे त्यांचं गणित वेगळं. पेनसिल्वेनियातल्या नॉकामिक्सन सरोवरावर कमाल २० एचपी चालतं, आणि तिथल्या अनेक लहान तळ्यांवर फक्त इलेक्ट्रिक. अशा जागी मोठं गुणोत्तर आणखीच मोलाचं ठरतं. यामाहाचं साधं ९.९ एचपी २.०८ गुणोत्तराचं आहे, तर टी ९.९ हे २.९२चं. पाँटूनवर या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, एचपी तेच असलं तरी.

आता बसवताना काय काय पाहायचं. ५०वरून ११५वर जाताना फक्त इंजिन बदलत नाही. कंपनी बदलली तर थ्रॉटलचा डबा, किल्लीचा स्विच, केबली आणि मीटर सगळंच बदलावं लागतं. किंमत विचारताना ‘सगळं बसवून, पाण्यात चालवून’ अशीच विचारा. इंधनाची नळी ५/१६ इंची असेल तर ३/८ इंची घाला, नाहीतर पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल कमी पडून इंजिन अडखळतं. त्यात पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर हवा. बॅटरी जुन्या इंजिनाला पुरत होती म्हणून नव्याला पुरेलच असं नाही. किती अँपिअर लागतात ते पुस्तिकेतून बघून घ्या. मागच्या पॉडची वेल्डिंग टॉर्चने नीट तपासा. इतक्या जुन्या बोटीवर कोपऱ्यात केसासारखी चीर असू शकते, आणि दुप्पट ताकदीचं इंजिन ती महिन्याभरात उघडेल. चीर दिसली तर आधी ॲल्युमिनियमच्या वेल्डरकडे जा, इंजिन नंतर. सुकाणूची केबलही याच वेळी नवी घाला, इंजिनाचा पिळ हातावर येऊ न देणारी.

उंची: बहुतेक पाँटूनला २० इंची शाफ्ट लागतो, पण जुन्या इंजिनावरून खात्री करा. पंख्यावरची आडवी पट्टी पॉडच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली ठेवून सुरुवात करा. वळणावर पंखा हवा खाऊ लागला तर एक भोक खाली घ्या. इंजिन बसवायच्या बोल्टच्या या भोकांमधलं अंतर पाऊण इंच असतं. खूप खाली घेतलंत तर मागे पाण्याचा फवारा उडेल आणि वेग घटेल.

थोडे पैसे उरले तर डेकखाली ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा लावून घ्या. आडव्या पट्ट्यांवर पाणी आदळणं थांबतं, एखाद-दोन मैल वेग वाढतो आणि मागचा फवाराही कमी होतो. ६० एचपीवर हा खर्च वाया गेला असता, ११५वर नाही.

तुमचं जुनं इंजिन तापून का गेलं, याचा अंदाजही सांगतो, कारण तेच कारण नव्याच्याही वाट्याला येऊ शकतं. मिनेटोंकाच्या उथळ भागांत युरेशियन मिलफॉइल नावाचं पाणगवत दाट वाढतं. ते गिअरकेसच्या पाणी ओढणाऱ्या जाळीवर बसतं. वाळू आत गेली तर पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र झिजतं. दोन्हीत खूण एकच: मागून उडणारी पाण्याची बारीक धार पातळ होते किंवा थांबते. धार बंद दिसली की त्याच क्षणी इंजिन बंद करा, ‘किनाऱ्यापर्यंत जाऊ’ म्हणू नका. गवतातून बाहेर आल्यावर न्यूट्रलमध्ये थांबा, मग थोडं उलट्या गिअरात चालवलं की बरंचसं गवत सुटून येतं. रबरी चक्र दर तीन वर्षांनी किंवा ३०० तासांनी बदला, दिसायला चांगलं असलं तरी.

पेट्रोलच्या बाबतीत तुमच्या राज्यात एक सोय आहे. मिनेसोटात पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये एथनॉल असतं, पण बोटींसाठी एथनॉल नसलेलं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल विकायला परवानगी आहे. इंजिनाला ८७ पुरतं. ९१ घ्यायचं ते एथनॉल टाळण्यासाठी, कारण ते हवेतली ओल ओढतं आणि टाकीच्या तळाशी पाण्याचा थर साचतो. १० टक्के एथनॉल चालतं. १५ टक्क्यांचं बोटीत कधीच घालू नका, त्याला कायद्यानेच मनाई आहे. ऑक्टोबरमध्ये टाकीत स्टॅबिलायझर घालून इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते नळ्यांत सगळीकडे पोचेल. गिअरकेसचं तेल शरद ऋतूतच बदला, वसंतात नको. आत पाणी शिरलं असेल तर ते जानेवारीत गोठून केसच फोडेल. इंजिन उभं ठेवा, तिरकं नको. आणि सरोवरातून बाहेर काढताना बुडाचं बूच काढून पाणी निथळून घ्या. झेब्रा शिंपले दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून मिनेसोटाचा तो नियमच आहे.

ताकद दुप्पट होणार आहे, म्हणून चालवण्याविषयीही थोडं. पाँटूनवर मुलं पुढच्या दाराबाहेर पाय सोडून बसतात. तिथून पडलं तर बोट त्यांच्यावरूनच जाते आणि पंखा मागे असतो. इंजिन चालू असताना पुढचं दार बंद आणि सगळे आत, यात सवलत नको. पुढे माणसं असताना थ्रॉटल एकदम ओढून घेऊ नका, नळ्यांचं तोंड बुडतं आणि लाट डेकवर येते. चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी लाल दोरी त्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असू द्या. १ एप्रिल २०२१पासून २६ फुटांखालच्या बोटींसाठी वेगात असताना ती वापरणं संघराज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे. ट्यूब ओढताना मागे पाहणारा दुसरा माणूस किंवा रुंद आरसा मिनेसोटात सक्तीचा आहे. ट्यूबची दोरी कठड्याला कधीच बांधू नका, ओढण्यासाठी असलेल्या दांड्यालाच बांधा. आणि मागच्या शिडीवर कोणी येणार असेल तर आधी इंजिन बंद करा. फोर-स्ट्रोकचा धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातही असतो.

नव्या इंजिनाला पहिले दहा तास सतत एकाच वेगाने चालवू नका, पूर्ण थ्रॉटलवर फार वेळ ठेवू नका. पिचची चाचणी त्यानंतरच घ्या. तिच्या दिवशी घरातली सहा-सात माणसं बरोबर न्या, टाकी अर्धी ठेवा, आणि बसवून देणाऱ्याला बोटीवर बसवा. फेऱ्या ५५०० ते ५९००मध्ये राहिल्या, वळणावर पंख्याने पाणी सोडलं नाही आणि धार भरघोस दिसली, की मगच शेवटचा हप्ता द्या.